जीवनसत्त्वे कमी आहेत, म्हणून साखरेची गोळी बंद करू का?

रावेर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा असा: त्यांचे वय ४७ असून घर केळी उत्पादकाचे आणि माळकरी आहे. नऊ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे व तेव्हापासून त्या मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी गोळी दिवसातून दोनदा घेतात. पित्त होते म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणखी एक गोळी तीन-चार वर्षे चालू आहे. गेले वर्षभर तळपायांची आग होते, बोटांना मुंग्या येतात, थकवा जात नाही, साध्या गोष्टी विसरायला होतात, उगाच रडू येते, आणि जमिनीवरून उठताना मांड्यांत बळ राहत नाही. तालुक्याच्या शिबिरात रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व १३८, ड जीवनसत्त्व ११, हिमोग्लोबिन १०.२ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ निघाली. आशाताईंनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या त्या घेत आहेत. आरोग्य-उत्पादने विकणारा पुतण्या सांगतो की मधुमेहासकट सगळ्या दुखण्यांचे मूळ ही जीवनसत्त्वांची कमतरताच आहे. सहा महिन्यांचा १८,००० रुपयांचा कोर्स घ्यावा आणि साखरेची गोळी बंद करावी. शेजारच्या गावातील एकाची तीन महिन्यांची साखर ब-१२ ची इंजेक्शने घेतल्यावर उतरली, हा त्याचा दाखला. सासूबाईंचे म्हणणे असे की घरी दूध, भाजीपाला आणि केळी असताना कमतरता होईलच कशी. पत्रलेखिका विचारतात: गोळी बंद करू का? रोज शेतात जाऊनही ड जीवनसत्त्व कमी कसे? अंडी खाण्यासाठी माळ उतरवावी लागेल का? पत्राच्या शेवटी त्यांनी दोन गोष्टी सहज लिहिल्या आहेत. मोरीत चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, आणि सूनबाईंना पाचवा महिना आहे.

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी लिहिली आहे. डोळे मिटले की तोल जातो, ही गोष्ट मला पायांच्या आगीपेक्षा आणि रिपोर्टमधील कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक काळजीची वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. आपले पाऊल कोठे टेकले आहे, गुडघा किती वाकला आहे, ही खबर पायांतून निघून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूपर्यंत जात असते. ही वाट अधू झाली तरी उजेडात आपले डोळे तिची उणीव भरून काढतात. डोळे मिटले किंवा अंधार झाला की मात्र ती उघडी पडते. ब-१२ दीर्घकाळ कमी राहिले तर नेमकी हीच वाट बिघडते. मधुमेहामुळेही पायांच्या मज्जातंतूंची संवेदना कमी होते, आणि दोन्हींमध्ये आग, मुंग्या व बधिरपणा सारखाच जाणवतो. तुमच्या बाबतीत यांपैकी कोणते कारण आहे, की दोन्ही आहेत, हे पत्र वाचून ठरवता येणार नाही. पण मज्जातंतूंना झालेली इजा जितकी जुनी होते तितकी ती भरून येण्याची शक्यता घटते, हे निश्चित आहे. त्यामुळे कोर्स घ्यावा की नाही या घरातील चर्चेत आणखी महिना घालवू नका. याच आठवड्यात एखाद्या फिजिशियनकडे जा, आणि तोल जाण्याची गोष्ट त्यांना सगळ्यांत आधी सांगा. ते तुम्हाला पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगतील आणि घोट्याच्या हाडावर कंप पावणारा धातूचा काटा टेकवून कंप जाणवतो का ते पाहतील. तोपर्यंत मोरीत एक हात भिंतीला असू द्या, रात्री अंगणात निघताना बॅटरी घ्या, शेतात अनवाणी जाऊ नका, आणि रोज रात्री तळपाय उजेडात पाहून काटा, चिरा किंवा फोड नाही ना याची खात्री करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. साखरेची गोळी स्वतःहून बंद करू नका. कोर्स घेतला तरी नाही, न घेतला तरी नाही.

पुतण्याचे म्हणणे मी पूर्णपणे खोडून काढणार नाही, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. तुमच्या शरीरात दोन जीवनसत्त्वे खरोखरच कमी आहेत. ब-१२ साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली आणि ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, आणि तुमचे दोन्ही आकडे त्याच्या बरेच खाली आहेत. तुमच्या काही तक्रारी यांतून आलेल्या असू शकतात, आणि उपचार दोन्हींवर व्हायला हवेत. चूक पुढच्या पायरीवर होते. कमतरता आहे आणि मधुमेहही आहे, म्हणून कमतरतेमुळेच मधुमेह झाला, हे त्यातून निघत नाही. केळीचे पान पिवळे पडले की तुमचे यजमान लगेच खताची गोणी फोडत नसतील. पाणी जास्त झाले का, मुळे कुजली का, की हा सीएमव्ही हा विषाणूमुळे होणारा रोग आहे, हे ते आधी पाहतात, कारण पिवळेपणा एकच दिसला तरी त्याची कारणे निरनिराळी असतात. आजार आणि कमतरता यांच्या नात्यातही हेच पाहावे लागते: कशामुळे काय झाले, की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे झाले.

आणि तुमच्या बाबतीत हे नाते पुतण्या सांगतो त्याच्या नेमके उलट्या दिशेने असण्याची दाट शक्यता आहे. अन्नातील ब-१२ सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते. सुटे झालेले ब-१२ जठरातूनच पाझरणाऱ्या एका प्रथिनाशी बांधले जाते आणि त्या जोडीनेच ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषले जाते. सकाळची पित्ताची गोळी आम्ल कमी करते, म्हणजे पहिल्याच पायरीवर आडवी येते. मेटफॉर्मिन आतड्याच्या शेवटच्या भागातील शोषण मंदावते, म्हणजे अखेरच्या पायरीवर आडवी येते. त्यात तुमच्या आहारात ब-१२ मुळातच थोडे. यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही आणि साठा संपत आला की तक्रारी सुरू होतात. नऊ वर्षे गोळी आणि गेल्या एका वर्षात मुंग्या, हा तुमचा क्रम याच्याशी जुळतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हे वारंवार आढळते; ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांना त्याविषयी मुद्दाम सूचना देऊन, रक्तक्षय किंवा मज्जातंतूंच्या तक्रारी असलेल्या रुग्णांचे ब-१२ तपासण्यास सांगितले.

हे वाचून गोळीवरचा विश्वास उडू देऊ नका. मेटफॉर्मिन हे मधुमेहातील सर्वांत पारखलेल्या औषधांपैकी एक आहे, आणि त्यामुळे होणारी ब-१२ ची तूट बाहेरून ब-१२ देऊन भरता येते. गोळी सोडल्याने वाढणारी साखर मात्र डोळे, मूत्रपिंडे आणि त्याच मज्जातंतूंचे नुकसान करत राहते. पित्ताच्या गोळीची गोष्ट वेगळी. ती काही आठवड्यांसाठी दिलेली असते आणि मग कोणी थांबवत नाही म्हणून वर्षानुवर्षे चालू राहते, असे आपल्याकडे फार होते. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

शेजारच्या गावातील गृहस्थांचा दाखला खोटा असेलच असे नाही. त्यांचा आकडा खरोखर उतरलाही असेल. पण तो कसा उतरतो हे समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण अशाच एका दाखल्यावर विसंबून अनेकांनी गोळ्या सोडल्या आहेत. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, रक्तातील साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते ती मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. लोह किंवा ब-१२ कमी असले की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात वयस्क पेशींचे प्रमाण वाढते, आणि त्या पेशींना साखर चिकटायला अधिक दिवस मिळालेले असतात. त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. इंजेक्शने सुरू झाली की कोवळ्या पेशी भराभर रक्तात येतात आणि आकडा खाली येतो, जरी रोजची साखर होती तेवढीच राहिली असली तरी. तुमचे हिमोग्लोबिन १०.२ असल्याने तुमच्या ८.१ या आकड्यालाही हीच मर्यादा आहे. म्हणून उपचार चालू असताना पुढील काही महिने उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली साखर पाहून निर्णय घ्यावा, एकट्या एचबीएवनसीवर नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ड जीवनसत्त्वाबद्दल तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथल्या शेतात राबणाऱ्या बाईला उन्हापासून मिळणारे जीवनसत्त्व कमी पडावे, हे पटत नाही. पण ऊन अंगावर किती पडते ते पाहा. तुम्ही सकाळी लवकर जाता आणि ऊन चढायच्या आत घरी येता. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण मात्र साधारण दहा-अकरा ते तीन या वेळात जास्त असतात. डोक्याला आणि तोंडाला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरून पदर. आणि भरलेल्या केळीच्या बागेत सावली इतकी दाट असते की दुपारीही जमिनीवर ऊन क्वचितच उतरते. सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करायला जास्त वेळ लागतो, हे आणखी एक. यावर मी तुम्हाला वैशाखात भर दुपारी उन्हात बसा असे सांगणार नाही, उष्माघात ही आपल्या भागातील खरी भीती आहे. थंडीच्या दिवसांत अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ अंगणात बसणे चांगले. पण ११ हा आकडा केवळ त्याने वर येईल अशी अपेक्षा धरू नका, औषध लागेल.

ड जीवनसत्त्व फार कमी झाले की हाडे दुखतात आणि मांड्यांचे, खुब्यांचे स्नायू अशक्त होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, जिना चढताना कठडा ओढावा लागणे ही त्याची नेहमीची खूण, आणि ती तुमच्या पत्रात आहे. इथे कमतरता आणि तक्रार यांचे नाते पक्के आहे. मधुमेहाशी असलेले नाते तसे नाही. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, नैराश्य अशा अनेक आजारांच्या रुग्णांत ड जीवनसत्त्व कमी आढळते, म्हणून ते भरून काढले की हे आजार टळतील अशी आशा जगभर होती. ती पारखून पाहण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या चाचणीत २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व पाच वर्षांहून अधिक काळ दिले. कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांवरील दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. रोज ४,००० युनिट देऊनही मधुमेह होण्याचे प्रमाण ठळकपणे घटले नाही. पुढे अशा तीन चाचण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा उंबरठ्यावरच्या लोकांना थोडा फायदा दिसला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तुम्हाला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली आहेत, आणि झालेला मधुमेह ड जीवनसत्त्वाने जातो असा पुरावा नाही. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, वजन वाढले की ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहते, आणि अंगात दीर्घकाळ दाह असला की रक्तातील त्याची पातळी खाली येते. म्हणजे अनेकदा कमी झालेला आकडा हा आजाराचा परिणाम असतो.

औषधाबद्दल एक इशारा, कारण ही चूक मी वारंवार पाहतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी साधारणपणे आठवड्यातून एकदा, आठ आठवड्यांच्या आसपास देतात आणि नंतर प्रमाण कमी करतात. इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असल्याने तीही रोज घेतली जाते. तसे महिनोन् महिने झाले तर रक्तात कॅल्शियम वाढते. तहान, उलट्या, बद्धकोष्ठता आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा, इथपर्यंत मजल जाते. घेण्याचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. एकादशीसारखी पंधरा दिवसांनी येणारी खूण धरू नका, आठवड्याचा ठरलेला एकच वार धरा.

सासूबाईंचे म्हणणेही थोडे तपासून पाहू. त्यांनी मांडलेले घरचे जेवण खरोखर सकस आहे. कळण्याची भाकरी, मेथीची भाजी, भरीत, वरण-बट्टी, सोबत केळी, यांतून प्रथिने, तंतू, फोलेट, पोटॅशियम मिळते, आणि त्यात काही बदलू नका, एवढेच की मधुमेहामुळे बट्टी आणि केळ्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पण ब-१२ कोणत्याही भाजीत, फळात, डाळीत किंवा धान्यात नसते. ते फक्त जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत प्राण्यांच्या मार्फत, म्हणजे दूध, अंडी, मासे, मांस यांतून येते. शाकाहारी माणसाचा सारा भार त्यामुळे दुधावर आणि दह्यावर पडतो. प्रौढाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागते आणि पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे दूध आणि दही मिळून दोन ते अडीच पेले रोज पोटात जायला हवेत. चहात पडणारे चमचाभर दूध आणि पातळ ताक या हिशेबात फारसे भरत नाही.

आता मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. घरी दूध आहे, पण ते तुमच्या वाट्याला किती येते? आपल्या भागात म्हशीचे दूध सकाळी डेअरीला जाते, मागे राहिलेले मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना, साय तुपासाठी, आणि घरातील बाई सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेल्या भाजीशी भाकरी खाते. घरात दूध असूनही घरातील बाईचे ब-१२ कमी असणे यात विसंगत काहीच नाही. सासूबाईंना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही; त्यांनीही आयुष्यभर असेच शेवटी जेवण केले असेल, आणि म्हणूनच त्यांचेही ब-१२ एकदा तपासून घ्यावे असे मी सुचवेन, कारण वय वाढते तसे जठरातील आम्ल कमी होते आणि शोषण आणखी घटते. त्यांच्या विसरण्याला सगळे जण वय म्हणत असतील तर ही तपासणी आधी व्हायला हवी.

माळ उतरवण्याची गरज नाही. तुमच्या आकड्यावर अंड्याने भागणारही नाही. मज्जातंतूंच्या तक्रारी असताना डॉक्टर बहुधा सुरुवातीला इंजेक्शने देतील आणि पुढे गोळीवर आणतील. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यात मांस नसते. कॅप्सूलचे आवरण प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असू शकते, तेव्हा केमिस्टकडे गोळीच मागा. ड३ जीवनसत्त्व बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढतात. त्यासाठी मेंढी मारली जात नाही, आणि ते पुडीतही मिळते. एवढे कळल्यावर काय चालेल ते तुम्ही ठरवा. १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतील सुमारे एक टक्का भाग जठरातील त्या प्रथिनाची मदत नसतानाही शोषला जातो आणि तो रोजच्या गरजेहून जास्त भरतो, त्यामुळे शोषण बिघडलेल्या अनेकांना पुढे गोळी पुरते. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर ती थांबवू नका. पातळी वर आली की औषध सोडायचे आणि दोन वर्षांनी पुन्हा तिथेच यायचे, असे होऊ देऊ नका.

रक्तवाढीच्या गोळ्यांविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी सांगतो. त्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, ब-१२ नसते. फॉलिक ॲसिडचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे: १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर तेथील गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखवले, त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट (फॉलिक ॲसिडचेच नैसर्गिक रूप), हे पुढे कळले. नंतर डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. ब-१२ च्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात नुसते फॉलिक ॲसिड दिले तर हिमोग्लोबिन वाढते, रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही समाधान वाटते, आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र आतून चालूच राहते. म्हणून या गोळ्या चालू ठेवायच्या असतील तर ब-१२ सुरू करूनच. शिवाय तुमच्या वयात पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लोहही कमी असणार, त्यासाठी शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासायला सांगा. ब-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर सरासरी आकार सामान्य दिसून फसवणूक होऊ शकते. चोपडा, शिरपूर, शहादा आणि नंदुरबारकडील सातपुड्याच्या पट्ट्यातील वाचकांना इथे एवढेच सांगतो की गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, अंग व सांधे ठणकत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. तो तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे, आहारातील उणिवेने तो होत नाही.

पुतण्याच्या कोर्सबद्दल. त्याच्या मनात तुमचे वाईट नसेल, आणि भावकीत वाद नको हे मी समजतो. त्याला एवढेच म्हणा की डबे आधी डॉक्टरांना दाखवते. दोन गोष्टी मात्र तुम्ही स्वतः पाहा. डब्यात स्पिरुलिनासारख्या शेवाळाच्या गोळ्या असतील आणि त्यांतून ब-१२ मिळते असा दावा असेल, तर तो मानू नका. त्यातील बहुतांश ब-१२ माणसाच्या शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असते. दुसरे म्हणजे ब-६ किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. मज्जातंतूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत ते असते, आणि मोठ्या प्रमाणात महिनोन् महिने घेतले तर तेच ब-६ पायांत मुंग्या आणि बधिरपणा आणते. अशा वेळी औषध वाढवत जावे आणि दुखणेही वाढत जावे, असे होते. तुम्हाला लागणारी ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची औषधे साधी, स्वस्त आहेत आणि जनऔषधी केंद्रातही विचारता येतील. १८,००० रुपयांत तुमच्या सगळ्या तपासण्या होऊन पैसे उरतील.

रडू येणे आणि विसरणे यांचे खापरही सरसकट जीवनसत्त्वांवर फोडू नका. ब-१२ च्या कमतरतेत हे दोन्ही होऊ शकते. थायरॉइड मंदावल्यानेही होते आणि त्यात मांड्यांचे बळही कमी होते. पाळी जाण्याच्या काळात होते. आणि उदासीनतेचा आजार स्वतंत्रपणेही असतो. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, कारण तिच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. ब-१२ सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत सुधारते, मुंग्या आणि तोल यांना सहा महिने ते वर्ष लागू शकते, आणि सुरुवातीला आग थोडी वाढल्यासारखी वाटली तरी औषध सोडू नका. पण एवढ्या काळात मन उभारी धरत नसेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते पुढच्या रक्ततपासणीपर्यंत रेटू नका. त्याच्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत, आणि ते मागण्यात कमीपणा नाही. वजन विनाकारण उतरत असेल, शौचाला काळे होत असेल किंवा घास अडकत असेल तर तेही न विसरता सांगा, कारण मग रक्तक्षयाचे कारण पोटात शोधावे लागते.

आणि सूनबाई. त्यांची चूल तीच, दूध तेच, आणि पाचवा महिना. बाळाचा मेंदू आणि मज्जासंस्था घडण्याच्या काळात आईला ब-१२ कमी पडले तर बाळाचा साठा कमी राहतो, आणि केवळ अंगावर पिणाऱ्या अशा बाळांत पुढे चार-सहा महिन्यांनी सुस्ती, हातपायांना थरथर आणि शिकलेल्या हालचाली मागे पडणे असे दिसू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम कमी होण्याकडे कल जास्त दिसला. मधुमेह आणि जीवनसत्त्व यांचे नाते शोधायचेच असेल तर ते कदाचित इथे, पुढच्या पिढीत सापडेल. सूनबाईंना मिळणाऱ्या लोह-फॉलिकच्या गोळ्या अजिबात थांबवू नका, त्या आवश्यक आहेत. पुढच्या तपासणीला जाताना तुमचा रिपोर्ट सोबत न्या, आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत हे प्रसूतितज्ज्ञांना सांगा, आणि त्यांचे ब-१२ तपासून गरज असेल तर त्याच आठवड्यात सुरू करून घ्या. दोघींची भेट एकाच दिवशी रावेरला किंवा जळगावला जमत असेल तर एकाच फेरीत जा, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून बरोबर न्या.